मान दुखेनाशी झाली

१४ नोव्हेंबर २००४

पोटात रक्त! दुखणं कमी करायच्या गोळ्यांनी आतून जखम केली. पोटाच्या डॉक्टरनं हात झटकून सांगितलं — "गोळी बंद म्हणजे बंद. पाठ सांभाळायची तर दुसरी वाट बघा."

दुसरी वाट! इतकी वर्षं मी त्या गोळ्यांच्या टेकूवर उभा. आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. उच्चारून होईपर्यंत पाठ आणखी आखडते. मणक्यांना सूज येते, सूज बसते तिथं हाड वाढतं, आणि मणका मणक्याला चिकटतो. शेवटी पाठीचा बांबू होतो, असं सांध्यांचे डॉक्टर चित्र काढून सांगतात. आमच्या छत्तीसगडात बांबू न्यायला जंगल खात्याचा पास लागतो. माझ्या पाठीत बिनापरवाना उगवून राहिला आहे.

कंबरेचं काही वाटत नाही. कंबर गेली तर खुर्ची आहे. मानेची भीती वाटते. मी वर्तमानपत्रात व्यंग्य लिहितो — माझं सगळं दुकान बाजूला बघण्यावर चालतं. समोर तर भाषण देणारा असतो. गंमत त्याच्या बाजूला उभ्या असलेल्यांच्या तोंडावर असते.

१८ नोव्हेंबर

सांध्यांचे डॉक्टर म्हणतात, पोट भरून आलं की या, वेगळ्या जातीची औषधं आहेत. आता औषध या शब्दानंच पोट दुखतं. जाणार नाही.

बायको सुनीती शिकवते त्या शाळेतल्या एका बाईनं पत्ता दिला आहे. "बंगाली बाई आहे, कलकत्त्याले शिकली. चिनी पद्धत. सुया, शेक, मालिश. गोळी एक नाही," सुनीती म्हणाली. "जाऊन तर पाहा. तसेही रात्रभर कण्हून राहिले तुमी."

२२ नोव्हेंबर

गेलो. सदर बाजारात सोनाराच्या दुकानावर माडी. खाली लोक सोनं टोचून घेतात, वर आम्ही पोलाद.

शर्मिष्ठा दीदी. वय माझ्याएवढंच, आवाज बारीक, बोटं लोहाराची. आधी म्हणाल्या, "जीभ दिखाइए." माझी जीभ बघून घाबरणारे पुष्कळ, पण अशी निरखून कुणी पाहिली नव्हती. मग नाडी. निदान — पाठीत थंडी आणि ओल शिरली आहे. मी म्हटलं, "दीदी, रायपुरात? इथल्या मे महिन्यानंतरही?" हसल्या नाहीत.

सुया टोचताना दुखलं नाही. पालथा पडल्यावर मात्र मनात आलं, आता ही बाई जेवायला गेली तर?

२९ नोव्हेंबर

आज काचेचे पेले. आत जाळ फिरवतात आणि पाठीवर चिकटवतात. कातडी आत ओढली जाते. घरी आल्यावर पाठभर जांभळी वर्तुळं. चित्रा कॉलेजातून आली, पाहिलं, म्हणाली, "बाबा, आप तो लूडो बन गए!" आमची पोट्टी मराठी समजते सगळं, उत्तर हिंदीत देते.

पण रात्री झोप लागली. लिहून ठेवतो, कारण उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

८ डिसेंबर

दीदींनी घरी शेकायला कांड्या दिल्या. जाड विडीसारख्या. आत वाळवलेला पाला — आपल्या दवण्याची चिनी चुलतबहीण म्हणे. पेटवायची आणि पाठीपासून अंतर राखून धरायची. सुनीती धरते. धूर तर असा!

संध्याकाळी शेजारचा तुळशीराम दारात. नाक आधी आलं, मागून तो. "भैया, कुछ माल-वाल आया है क्या?" सुनीतीनं त्याला आत नेऊन माझी उघडी पाठ दाखवली. गेला बिचारा. आता पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन बातम्या फिरताहेत — एक, गंगाधरभाऊ गांजा ओढतात. दोन, त्यांची बायको त्यांना चटके देते. दुसरीवर लोकांचा जास्त विश्वास.

काम करणाऱ्या अंजनाबाईला धूर पसंत, अंतर नापसंत. "लागलंच नाही तर रोग पळंल काहून?" तिच्या गावी पोट दुखलं की तापलेल्या लोखंडानं डागतात. कांडी तिच्या हाती द्यायची नाही, असं सुनीतीला बजावलं.

१७ डिसेंबर

रायपूर राजधानी झाल्यापासून आमचं मंत्रालय जुन्या इस्पितळाच्या इमारतीत. तिथं बदली, बढती, ठेका मागायला येणारा प्रत्येक जण कमरेत मोडतो. आज लेखासाठी तिथं गेलो, तर नवे साहेब आले. सगळे वाकले. मी उभा — वाकताच येईना. साहेबानं दोनदा पाहिलं. नंतर बंडू शिपाई हळूच म्हणाला, "भैया, आपमें दम है." आजाराचं श्रेय स्वाभिमानाला गेलं!

मान भयंकर दुखते. उशी नको होते. उशीशिवायही नको होते.

२ जानेवारी २००५

मान दुखली नाही!! दिवसभर!

३ जानेवारी

आजही नाही. दाढी केली, दुखली नाही. कुणाला सांगू नये, दृष्ट लागेल. सुनीतीला सांगितलं. तिनं लगेच मीठ-मोहऱ्या उतरवल्या. विज्ञानाची शिक्षिका!

१२ जानेवारी

दीदी रोज विचारतात, "दर्द कितना?" दहापैकी आकडा सांगायचा. आठापासून सुरुवात केली होती. आज मी थाटात म्हटलं, "शून्य!" शेजारच्या खाटेवर सुया लावून पालथा पडलेला एक शेठ ओरडला, "वाह!" दीदींनी फक्त "अच्छा?" म्हटलं.

रविवारच्या लेखात चीनला उद्देशून आभार मानले. सीमेवरचं काय ते दिल्ली बघेल, माझ्या मानेपुरता मी पक्ष बदलला आहे. फोन खूप आले.

२५ जानेवारी

छेरछेरा, पौष पुनवेचा सण. पाऱ्यातली पोरं धान मागायला दारोदार. धान ओंजळीनं घालताना अंजनाबाईनं दोन ओंजळींतच मला थांबवलं — "तुमी सांडता." खरंच सांडत होतो. पोरं बाजूला उभी, ओंजळ समोर.

संध्याकाळी स्कूटरवर सुनीतीला घेऊन सदर बाजारात. ती मागं बसते आणि माझी मागची मान होते — "ट्रक!", "रिक्षा!", "गाय, गाय!" आज ती साडीचं दुकान बघत होती. डावीकडे कोण आहे बघायला मी वळलो, तर हँडलसकट सगळाच वळलो. बिहीची, म्हणजे पेरूची, टोपली आडवी. बिही विकणारीनं माझ्या सात पिढ्या काढल्या. सुनीती बिही वेचता वेचता म्हणाली, "मान काहून नाही वळवली? आता तर दुखत बी नाही."

खरंच की. काहून नाही वळवली?

२७ जानेवारी

बिहीचा किस्सा दीदींना रंगवून सांगितला. मला वाटलं हसतील.

त्यांनी स्टुलावर बसवलं. मागं उभं राहून दोन्ही खांदे घट्ट धरले. "अब सिर्फ गर्दन घुमाइए."

वळवली.

"घुमाइए ना, गंगाधरजी."

"घुमा तो रहा हूँ!"

खांदे सोडले नाहीत. बराच वेळ. शेजारचा शेठ मान वळवून बघायला लागला. मग समोर येऊन बसल्या. "रोज़ पूछा कि कितना दुखता है. कितनी घूमती है, यह नहीं पूछा. आप पूरे बदन से घूमने लगे, मैंने देखा ही नहीं." आज सुया लावल्या नाहीत. म्हणाल्या, आधी एक्स-रेचा फोटो काढा, सांध्यांच्या डॉक्टरकडे जा, आजच.

जिना उतरताना मला पायऱ्या दिसत नव्हत्या. म्हणजे किती दिवस दिसत नाहीत?

३१ जानेवारी

डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला. मानेचे मणके वेगळे मोजता येईनात. वर्षानुवर्षं चिकटत होते, या थंडीत काम पुरं झालं. दुखायला काहीतरी हलावं लागतं.

म्हणजे आम्ही महिनाभर ज्याचे पेढे वाटले, ते हे.

"सुयांनी केलं का?" सुनीतीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, नाही. सुयांनी केलंही नाही, थांबवलंही नाही. शेकानं झोप येत असेल तर शेका, पण सोबत औषध हवं होतं. तेव्हा 'जाणार नाही' असं कोण म्हणालं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

आता कंबर. तिचा फोटो धूसर — अर्धी मोकळी, अर्धी नाही. "कंबर दुखते का?" आठवेना! मानेच्या आनंदात कंबरेकडे कुणी बघितलंच नाही. डॉक्टर म्हणाले, शेक-सुया थोडे दिवस थांबवा, रोज सकाळी उठताना नीट बघा. दुखत असेल तर सूज जिवंत आहे, नव्या औषधाला अजून वाचवण्यासारखं काही आहे. आणि नसेल दुखत —

पुढचं त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. मी तरी कुठं बघू शकत होतो?

१ फेब्रुवारी

नाही दुखली.

२ फेब्रुवारी

नाही. सुनीती अंघोळीला जाताना दारातून विचारते, "आज?" चित्रा डबा भरताना विचारते, "बाबा, आज?" दोघींना मान हलवून 'नाही' म्हणायचं, तर तेही येत नाही. हात हलवतो.

३ फेब्रुवारी

दीदींचा फोन. "दर्द कितना?" मी म्हटलं, शून्य.

४ फेब्रुवारी

नाही.

५ फेब्रुवारी

कूस बदलली आणि कंबरेत अशी सणक आली की श्वास अडकला. सुनीतीला हलवलं. "दुखतंय!" ताडकन उठून बसली. "नक्की? खोटं नका बोलू." "ओरडून दाखवू?" "ओरडा." ओरडलो. चित्रा घाबरून धावत आली — तर आम्ही दोघं पलंगावर बसून हसून राहिलो होतो, आणि तिची आई डोळे पुसत म्हणत होती, "अजून एकदा, अजून एकदा!"