दोनाच्या तीन पेजा

क्रीडा वसतिगृह, रत्नागिरी
६ नोव्हेंबर २०२४

ती. नंदाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आमचे फोन कोच मॅडमच्या कपाटात, तुझ्या वाडीत रेंज नाही, म्हणून पत्र. घाबरू नकोस, पण मागच्या पंधराशे मीटरला शेवटच्या फेरीत मला चक्कर आली. माझ्या खोलीतली दर्शना म्हणाली होती, पोट रिकामं तर पाय हलके. म्हणून आम्ही दोघी नुसत्या चहावर धावत होतो. मॅडमना कळल्यावर त्यांनी चांगलीच हजेरी घेतली. त्या नागपूरच्या, पण ओरडतात अगदी तुझ्यासारख्या.

आता त्यांनी प्रत्येकीला दोन पेजं दिलीत. म्हणाल्या, लोह, प्रथिनं, कॅल्शियम सगळं त्यात आहे, डब्यातल्या पावडरी नकोत. १ डिसेंबरला जिल्ह्याची शर्यत. पहिल्या दोघींत आले नाही तर बाबा मुंबईहून येऊन मला घरी नेणार आहेत. आत्ये, मला जायचं नाहीये.

तुझा लोभ आहेच, शर्यतीपर्यंत तो दुप्पट कर.
तुझी तेजल


१२ नोव्हेंबर

चि. तेजलला अ. उ. आ.

रिकाम्या पोटी धावलीस? समोर असतीस तर कान उपटला असता. पण पुढचं वाचून मी चुलीसमोरच नाचले. नागपूरची बाई आणि मुलींना पेज देते! पेजेत सगळं आहे, असं मी घसा फोडून सांगायचे तेव्हा तुझा बाप हसायचा. मात्र बाय, तू ‘पेजं दिलीत’ लिहिलंस. पेज ती, ते नव्हे. शहरात गेलीस नि भाषा विसरलीस.

आणि वाढत्या पोरीला दोन पेजांनी काय होतंय? मॅडमना वेगळी चिठ्ठी धाडली आहे, दोनाच्या तीन करा म्हणून. एसटीवाल्या बाळाबरोबर उकडा तांदूळ आणि सुकट पाठवते. वास आला तर खिडकी उघडा, टाकू नका.

पोट भरलेलं ठेव, म्हणजे माझा जीव भांड्यात.
तुझी आत्या, नंदा


३ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

आत्ये, पेज म्हणजे तांदळाची नव्हे, कागदाचं पान गं! काय खायचं ते लिहिलेली दोन पानं! तुझी चिठ्ठी तांदळाच्या आधी पोचली आणि मॅडम भारावल्याच. आहाराचा तक्ता वाढवून मागणारं घर त्यांनी पाहिलंच नव्हतं. बिचाऱ्यांनी खरंच तिसरं पान लिहायला घेतलं. मग बाळाकाका तांदळाची पिशवी घेऊन आला नि सगळा उलगडा झाला. मॅडम हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. त्यांनी पेज चाखली, पुन्हा वाढून घेतली आणि तिसऱ्या पानावर लिहिलं, शर्यतीच्या सकाळी तीन तास आधी मीठ घातलेली मऊ पेज. सुकट मात्र आदल्या दिवशीच.

शेवटच्या फेरीत मी चक्कर येण्याची वाट बघत होते, ती आलीच नाही! पाय धावत होते आणि मला हसू येत होतं. दर्शना पहिली, मी दुसरी! बाबा माझं सामान न्यायला रिकामी बॅग घेऊन कुंपणाशी उभे होते. त्याच बॅगेतून उरलेला तांदूळ घेऊन ते मुंबईला गेले.

सोबत तिसरं पान पाठवते. वर मॅडमनी मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘नंदाआत्यांची पेज’. पेज ती आणि पेज ते, दोन्ही तुझीच.

लोभ आहेच, तांदूळ असू द्यावा.
तुझी, दुसरी आलेली, तेजल