मनीचे बूट, माझे पाय

२ डिसेंबर
मनी येऊन गेली. दोन भाकरी खाल्ल्या, पाठ टेकली नाही. बीडला अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी चाललीय नातीची. मामानं घेऊन दिलेल्या कोऱ्या बुटांचं खोकं माझ्या हवाली केलं. "आज्जे, हॉस्टेलात बूट टिकत न्हाईत, कोण उचलतं कळत बी न्हाई. ग्राउंडवर पळायच्या परीक्षेदिवशीच घालणार हाय. तवर जप." पेटीत ठेवले, वर माझं जुनं लुगडं.
भीमा अन् सूनबाई ऊसतोडीला गेल्याला महिना होत आला. आळीत मी अन् समोरची गयाबाई. बाकी दारांना कुलपं. एकटीपुरतं पीठ घ्यायला हात शिकेना, रोज एक भाकर उरते.

५ डिसेंबर
खोकं उघडलंच. पोपटी रंग. हातात घेतला तर काही घेतलंय असं वाटेना. तळवा दोन बोटं जाड, अंगठ्यानं दाबला की बसतो, सोडला की वर येतो, तिंबलेल्या कणकेगत. वरून नुसती जाळी.
पण एक खटकलं. पोर कोरे बूट थेट ग्राउंडवर घालणार. नवी वहाण कुणाला चावल्याशिवाय राहिलीय? आमच्या घरात नवी वहाण आली की आधी माझ्या पायात. हे होते तोवर यांची, मग भीमाची. पुढं चिंधी कोंबायची, एरंडेल पाजायचं, पंधरा दिवस रानात हिंडायचं, मग ज्याची त्याला. माझी टाच म्हणजे पाटा, तिला कोण चावणार. अन् मनीचं माझं माप एकच.

८ डिसेंबर
सुरुवात केली. लेस जमेना, परकराच्या नाडीची गाठ मारली. अंगणात फेऱ्या. आधी तोल जायचा, गादीवर उभं राहिल्यासारखा. सकाळी उठल्यावर टाचेत कळ येते, दाताखाली खडा यावा तशी. ती आज आलीच नाही. बोटांना जागा ऐसपैस. उतारावर मात्र बोटं पुढं सरकतात. मनीला सांगायचं.

११ डिसेंबर
गयाबाईनं पाहिलं. लुगड्याखाली पोपटी बूट, लपणार कुठं.
"गोदे, बुढ्ढी घोडी लाल लगाम. कुण्या गावाला पळून चाललीस?"
म्हटलं, "तुझ्यापास्नं लांब."
हसता हसता तिला ठसका लागला. मग म्हणाली, "थांब, मी बी येते वढ्यापर्यंत." किती दिवसांनी कुणाच्या जोडीनं चालले. पुलाच्या कठड्यावर बसलो. तिचीही पोरं टोळीसंगंच गेलीत. बोलणं पोरांचंच.

२० डिसेंबर
रोज मुरमाच्या रस्त्यानं माळापर्यंत. खडा टोचत नाही. तळव्याच्या नक्षीत माती अडकते, पण नक्षी शाबूत. जाळीतून वारं शिरतं अन् कुसळंही. जेवण झालं की कुसळं वेचत बसते. तेवढाच हाताला चाळा.
गया डोळ्याच्या ऑपरेशनला अंबाजोगाईला गेली, लेकीकडं. आता एकटीच जाते. या बुटांना आवाज नाही. वहाण कशी, करकर करत सोबत बोलते. हे मुके.

२ जानेवारी
कड जरा ताठ वाटली. एरंडेल चोळलं. कातडं कसं पिऊन घेतं, हे पिईना. डाग पसरला, सांध्यात उतरला. घाबरून रिठ्यानं धुतले, चुलीपाशी वाळत ठेवले.

३ जानेवारी
उजव्या बुटाचा चवडा उघडलाय, बेडकाच्या तोंडासारखा. उलटा करून पाहिला तर टाचेची बाहेरची कड झिजलेली. माझ्या वाकड्या चालीची खूण. अंगठ्यानं तळवा दाबला. पूर्वी वर यायचा. आता बसला तो बसलाच.
चुलीवर दूध उतू गेलं, लक्ष नव्हतं.

९ जानेवारी
मनीचा फोन. "आज्जे, तारीख आली ग्राउंडची. रईवारी बूट न्यायला येते." मी नुसतं हं हं. सांगायचं होतं, पण...

११ जानेवारी
जीपनं मांजरसुंब्याला. चौकात चपला शिवणारा बसतो, त्याच्यापुढं बूट ठेवला. बोटानं पुसून वास घेतला त्यानं. "मावशे, तेल कावून पाजलं? वहाण हाय का ही?" तेलावर चिकटवलेलं टिकत नाही म्हणाला. कडेनं शिवून दिलं. शिवण पक्की आहे. दिसते मात्र.

१५ जानेवारी
मनी आली. दारातच सांगून टाकलं, बूट पुढ्यात ठेवले. तिनं उलटे करून पाहिले. शिवणीवरनं बोट फिरवलं.
"आज्जे, ह्ये वापरून मऊ करायचे नसतेत. जपायचे असतेत. ह्यांच्यात जीव मोजका असतोय."
म्हटलं, "चावतील म्हणून गं."
चुलीकडं बघत बसली. चहा निवला. डोळे पुसले, धुरानं का आणखी कशानं, मी विचारलं नाही. तिचे जुने बूट दारात होते, उजव्याचा अंगठा फाटलेला. घरात धड जोड एकही नाही, ते मला दिसत होतं.
मग म्हणाली, "बरं, कसे हायेत सांग तरी."
सांगितलं. टाचेखाली लोणी. मुरमावर घसरत नाहीत. उतारावर बोटं सरकतात, पण वरची दोन भोकं आवळून बांधली की सरकत नाहीत. कुठंच चावत नाहीत, पहिल्या दिवसापास्नं नाहीत. टिकायला वहाणेची सर नाही, पण तेलाचं पाप त्यांच्या माथी मारता येत नाही.
जराशी हसली. "मोबाईलवर बूट दाखवणाऱ्यांपरीस बरं सांगतीस." वरची दोन भोकं आवळली, माळापर्यंत पळून आली. ही लहान असताना हिच्याच पाटीवर मी अक्षरं गिरवली, मास्तरीण व्हायची माझी. आता हिला मी बुटाचं शिकवतेय, अन् तेही बिघडवून. धापा टाकत आली, पाणी प्याली. कसं वाटलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१६ जानेवारी
सकाळच्या गाडीनं गेली. पेटीपाशी तिचे जुने बूट. म्हणजे शिवलेले नेले. पायाला बरे वाटले म्हणून, का म्हातारीचं मन राखायला? फोन करून विचारता येईल. विचारवत नाही. खरं सांगितलं तर?

१९ जानेवारी
आज ग्राउंड. दिवा लावला. आठशे मीटर पळायचंय. मनीच सांगायची, म्हणजे आपल्या दारापासून ओढ्यापर्यंत. दिवसभर त्या वाटेकडं बघते अन् ती शिवण डोळ्यापुढं येते.
दु. भीमाचा फोन, फडातून. "माय, मनीचं कळालं का काई?" न्हाई म्हटलं. बुटाचं सांगितलं नाही. जेवलीस का म्हणाला. जेवले म्हटलं. उरलेली भाकर कुत्र्याला घातली.
सं. अजून काही नाही. घरात रेंज येते जाते. मनीचे जुने बूट पायात घातले. उजवा अंगठा बाहेर. आत तिच्या बोटांचे खळगे पडलेत, माझी बोटं त्यात बसली. लेस आता येते मला बांधायला. वरची दोन भोकं आवळली. मोबाईल पदराच्या गाठीत घेतलाय. माळावर रेंज असते. तिथवर जाते.