सिस्टरच्या गाडीतलं नव्वद नंबर

२८ नोव्हें., शुक्र.
सकाळी ट्रॅक्टरचा क्लच. दुपारी बोरी बुद्रुकची पांढरी, म्हणजे सुनंदा सिस्टरची गाडी. अ‍ॅक्सलच्या सीलमधून गळून गिअरबॉक्समधलं तेल निम्म्यावर आलेलं. सील बदललं. जुनं तेल काढून नवं भरलं.

सिस्टर निरगुडसरच्या बाजूला उपकेंद्रात नर्स. चाळिशी ओलांडल्यावर गाडी शिकल्या, जुनी का होईना पण स्वतःची घेतली. गाडीच्या पुस्तकातून तेलाचा नंबर चिठ्ठीवर उतरवून आणला होता. डॉक्टरपेक्षा अक्षर बरं. ७५-८०, त्याखाली तेलाची प्रत, जीएल ४. "भाऊ, ह्या नंबरात परवडंल असं मिळतंय का बघा. लई भारी नको, पण नंबर ह्योच."

आळेफाट्याला जायचा कंटाळा. मागे एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरचं उरलेलं नव्वद नंबर होतं, तीनेक लिटर. डब्यावर जीएल ५. आपल्याकडे गिअरचं तेल म्हणजे नव्वदच, दुसरं नाव कुणाच्या तोंडात नाही. ऐंशी आणि नव्वद, शेजारी-शेजारीच की. शिवाय चारपेक्षा पाच वरचंच. भरलं. "चालतंय, सिस्टर." त्यांनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

९ डिसें., मंगळ.
सिस्टर ड्यूटीवरून परतताना आल्या. दुसरा गिअर सकाळी पडत नाही म्हणे, करकर वाजतो. मी एक चक्कर मारून आलो. लोण्यातून सुरी. सगळे गिअर जागच्या जागी. त्यांना म्हटलं, "क्लच अर्धाच दाबताय. पाय पार तळाला न्या."
"मी तर पूर्ण दाबते, भाऊ."
"तुमाला वाटतं तसं."
विचारात पडून गेल्या. बाकी दोन ऑइल चेंज, एक पंक्चर.

१८ डिसें., गुरु.
गुरुवार, कंपन्यांची सुट्टी. सिस्टरचे मालक प्रकाशराव चाकणला कंपनीत असतात, ते आले गाडी घेऊन. म्हणाले, "राव, मी चालवली तर गिअर गपगुमान पडतोय. हिचंच काय तरी चुकतंय. रोज सकाळी गल्लीभर करकर. पोरं दारात येऊन बघत्यात."
चालवून बघितली. ठणठणीत. (दुपारचे बारा वाजले होते. त्याला पुढे अर्थ येणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं. हा कंस नंतर घातलाय.)
प्रकाशराव म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं!"
मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो. चहा मागवला.

२७ डिसें., शनि.
राजुरीच्या स्टॉपवर सकाळी सिस्टर उभ्या. स्कार्फ, डबा, लसीची निळी पेटी. एसटीच्या वाटेकडे डोळे. मी मोटरसायकल थांबवली. गाडी कुठाय विचारलं.
"दुपारी चालवते कधीमधी. सकाळची नाय काढत. चढावर दुसरा पडला नाय, मागं उसाच्या ट्रॉल्या. समदे हॉर्न मारायला लागले. पोरी म्हणत्यात, आई, तुला जमत नसंल तर ऱ्हाऊदे."
मी म्हणालो, "सवयीनं जमंल."
इतक्या मायेनं म्हणालो की माझं मलाच बरं वाटलं.

८ जाने., गुरु.
काय लिहू.
काल संध्याकाळी प्रकाशरावांनी गाडी लावून ठेवली होती, हॉर्न वाजत नव्हता. आज साडेसहाला शटर उघडलं. गारठा असा की पान्ह्याला हात लावावेना. गाडी बाहेर काढायची म्हणून चालू केली. रस्त्याला लागलो, दुसरा टाकला.
कर्र.
क्लच तळाला होता. पुन्हा टाकला. पुन्हा कर्र. गतिरोधकाच्या पुढे गाडी मेल्यासारखी उभी राहिली आणि दूधवाला मागून ओरडला, "ओ फिटर, शिकताय व्हय?"
बावीस वर्षांचा हात आहे माझा.
तेल. थंडीत त्याचा चीक झालाय. सिस्टर दुपारी यायच्या तेव्हा पंधरा-वीस किलोमीटर चालून तापलेलं असायचं. प्रकाशराव बाराला उठून फिरवायचे. सकाळी सातला थंडगार गाडी काढणारी एकटी तीच होती, आणि खरं बोलणारीही एकटी तीच.
अंगण वाकडंच होतं. मी केलं होतं.

९ जाने., शुक्र.
आळेफाटा. दुकानदाराला म्हटलं नव्वद द्या, चारचं. तो म्हणतो, "पहिला आकडा सांगा, फिटर. पहिला आकडा थंडीचा, दुसरा गरमीचा. तुमच्या ट्रॅक्टरवाल्या डब्यावर नुसतंच नव्वद. थंडीचा आकडाच नाय त्याला." पाच नंबरमध्ये मसाला जास्त असतो, तो गिअर जुळवणाऱ्या आतल्या पितळी रिंगांना खातो, हेही त्यानंच सांगितलं. आयटीआयला असताना सरांनी सांगितलं असणार. मी खिडकीबाहेर बघत असणार.
पुस्तकातलं ७५-८० महागच होतं. "परवडणारं?" म्हटल्यावर त्यानं मागच्या फळीवरून साधा डबा काढला. ७५-९०, जीएल ४. नाव नसलेल्या कंपनीचं, पण आकडे बरोबर. ह्या जुन्या गाडीला बिनघोर घाला म्हणाला. नव्वदच, पण अंगात स्वेटर घातलेलं. किंमत माझ्या उरलेल्या डब्याच्या जवळपास.
म्हणजे विचारलं असतं तर नोव्हेंबरातच मिळालं असतं. विचारलंच नाही.
जुनं तेल काढलं. ट्रेमध्ये उन्हात धरलं तर सोनेरी चकचक. रिंगेचं पितळ. रिंग किती खाल्ली, बॉक्स उघडल्याशिवाय कळणार नाही. नवं भरलं.
सिस्टर न्यायला आल्या. तोंड उघडलं होतं मी. त्या म्हणाल्या, "हॉर्न झाला?" मी म्हणालो, "झाला."

१३ जाने., मंगळ.
सिस्टरनी हरभऱ्याचा टहाळा आणला. मोठा भारा. चेहरा नुसता फुललेला. चार दिवस झाले, सकाळी गाडी घेऊन जातात, एकदाही करकर नाही.
"तुमी सांगितल्यावानी पाय पार तळाला नेते आता. माझंच चुकत व्हतं, भाऊ. उगा गाडीला नावं ठेवली."
मी टहाळा घेतला.
घेतला! दोन्ही हातांनी. आणि म्हणालो, "बघा, म्हटलं नव्हतं?"
घरी बायकोनं, मंगलनं, घाटे सोलून उसळ केली. मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

१५ जाने., गुरु.
प्रकाशराव. गाडी विकायची ठरवलीय. "आत्ता जमाया लागलंय तिला, पण भरवसा नाय. उद्या घाटात अडकली तर? पुढल्या गुरुवारी मंचरचं एक पावणं बघायला येणार हायेत. तुमी या बोरीला. गावात बोभाटा झालाय ह्या गिअरचा, त्यांच्याही कानावर असंल. तुमी एवढंच सांगा, गाडी ओके हाय, चालवणारी नवी व्हती."
"सिस्टर काय म्हणतात?"
"ती काय म्हणणार. तिला बी पटलंय."
मी म्हणालो, "येतो की. चालतंय."
जीभ झडत कशी नाही माझी.

१९ जाने., सोम.
ह्या वहीत मी कामं लिहितो. आयटीआयचे सर म्हणायचे, रोजचं काम लिहा, म्हणजे चूक कुठे झाली ते सापडतं. सापडलीय, सर. आता?
मंगलला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली नाही.
"मंग तिला सांगा जाऊन."
"गॅरेजचं नाव जाईल. बाबांच्या वेळेपासून लोक आपल्या हातावर डोळे झाकून गाडी टाकतात."
"आन् तिच्या हाताचं काय?"
बाबा गाड्यांना नट लावायचे तेव्हा गावातले काहीजण आमच्या हातचा चहा घेत नव्हते. पण गाडी आमच्याच हातात द्यायचे. बाबा म्हणायचे, आपल्या हाताला कुणी नाव ठेवलं तर उत्तर कामानं द्यायचं. मी एका बाईच्या हाताला नाव ठेवून मोकळा झालो, आणि तिला तर उत्तर द्यायलाही जागा ठेवली नाही.
मंगल शेवटी एवढंच म्हणाली, "तुमचं ते चालतंय चालतंय एक दिवस तुमालाच लोळवंल."

२२ जाने., गुरु.
बोरी. ओसरीत पाहुणे, प्रकाशराव, चहा. सिस्टर रजा टाकून घरी. दाराला टेकून उभ्या. किल्ली टेबलावर, पाहुण्यांच्या कपाशेजारी.
पाहुणे म्हणाले, "दुसरा वाजायचा म्हणं?"
प्रकाशराव हसले. "गाडीत काय नाय. बाईमाणसाचा हात. हे आमचं फिटर, इचारा ह्यांना."
रस्त्यात वाक्य पाठ करत आलो होतो. एकही आठवेना. म्हणालो, "हात न्हवता. तेल व्हतं. मी चुकीचं भरलं. सिस्टरनी नंबर लिवून दिला व्हता."
मग सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, थंडी, पितळ. सांगताना टेबलाकडे बघत होतो.
पाहुण्यांनी कप ठेवला. "मंग रिंग खाल्ली असंल थोडीफार. बघतो, कळवतो," म्हणून उठले. प्रकाशरावांचा चेहरा आधी उतरला, मग ते हसले, कारण दुसरं काय करणार. "आता बसतोय न्हवं गिअर? मग चालतंय की, राव!"
माझाच शब्द माझ्या तोंडावर.
सिस्टर हसल्या नाहीत. विचारलं, "तुमाला कवा कळलं?"
"आठ तारखेला."
त्यांनी थोडा वेळ हिशेब केला. कसला ते मला कळत होतं.
"म्हंजी टहाळा आणला तवा ठावं व्हतं."
मी मान हलवली. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. धरणी दुभंगत वगैरे काही नाही. आपण आपले तिथेच उभे असतो.
निघालो तेव्हा किल्ली टेबलावरच होती. दोघांपैकी कुणीच उचलली नव्हती.

२४ जाने., शनि.
दोन सर्व्हिसिंग. उरलेलं नव्वद नंबर डब्यासकट ट्रॅक्टरवाल्याला परत दिलं. तो म्हणतो, "एवढ्या दिवसांनी कशापायी?"
सात वाजता रस्त्याकडे कान. पांढरी गेली नाही.

२७ जाने., मंगळ.
सव्वासातला गतिरोधकाच्या पुढे गाडीचा आवाज. पहिला, दुसरा. करकर नाही. वळून गॅरेजपुढे थांबली. सिस्टर एकट्या, स्वतः चालवत.
उतरल्या नाहीत. काच खाली केली. "लिवून द्या."
"काय?"
"काय भरलं व्हतं, कवा भरलं, काय झालं. आमच्यात चुकीचं इंजेक्शन गेलं तर कार्डावर लिवावं लागतं. पेशंट बरं झालं म्हणून कार्ड कोरं ठेवत न्हाईत. घरात समद्यांनी माझ्या हाताला नावं ठेवली. मी बी ठेवली. ह्यो कागुद गाडीच्या कागदांत ऱ्हाईल."
लिहिला. बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला. "२८ नोव्हेंबर रोजी ह्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये माझ्याकडून चुकून ट्रॅक्टरचं ९० नंबर तेल भरलं गेलं. ८ जानेवारीला कळूनही चुकून सांगायचं राहिलं. गिअर अडकण्यात चालवणारीचा काही दोष नव्हता." खाली सही, गॅरेजचा शिक्का.
सिस्टरनी दोनदा वाचला. माझ्याकडे पेन मागितला. पहिला 'चुकून' खोडला. मग दुसरा.
"नंबर वाचून भरलंत. कळल्यावर टहाळा घेतलात. चुकून कुठं?"
मी म्हणालो, "मंग काय लिवू?"
"त्ये मी सांगू? तुमी ठरवा. गुरुवारी येते." कागद परत दिला. पहिला टाकला, दुसरा टाकला. गेल्या.

२८ जाने., बुध.
काम कमी. कागद बाकावर, वर जड पान्हा.
पहिल्या जागी 'आळसाने' बसतो. तो लिहून टाकला.
दुसरी जागा अवघड. 'भीतीने' लिहावं तर दयेची भीक मागितल्यासारखं. 'लाजेने' लिहावं तर खोटं. लाज तेव्हा वाटली असती तर सांगितलं नसतं का? 'चालतंय म्हणून' हे खरं आहे, पण गाडीच्या कागदात तसलं कुणी लिहितं का? मंगलनं वाचला. म्हणाली, "जागा बी इवलीशी ठिवलीय तिनं. एकच शब्द मावंल."
उद्या गुरुवार. प्रकाशरावही घरी असतील. सिस्टर सातला येतील, गारठ्यात, गाडी तापायच्या आत.
दुसरी जागा अजून मोकळी आहे.