आंबेतळ्याचं दही

प्रज्ञेश, आधी जे घडलं ते.

१. आपल्या आई-बाबांना निवृत्तीनंतर राहायला आंबेतळे कसं आहे, हे तपासायला मी इथे आले.
२. इथून दोनदा धायरीला, माझ्या घरी गेले.
३. दोन्ही वेळा इथेच परत आले. कशी, ते माहीत नाही.
४. आता रोज पाण्याच्या जास्त जवळ असते.
५. येत्या शनिवारी आई-बाबांच्या सामानाचा टेम्पो इथे यायचा आहे.

पुढची पानं माझ्या रोजनिशीतली आहेत. काही बदललेलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

गाव छान आहे. पहिल्याच ओळीत मी असं सहसा लिहीत नाही. कात्रजचा घाट ओलांडून तासाभराचा रस्ता. तळ्याला तीन बाजूंनी टेकड्या, चौथ्या बाजूला दगडी घाट आणि वर बाकांची रांग. दवाखाना चालत जाण्याजोग्या अंतरावर. औषधांचं दुकान रविवारीही उघडं. नळाचं पाणी तपासलं, पिण्यायोग्य आहे. बाबांनी निवडलेल्या घराच्या भिंतींवर ओल मोजायचं मीटर फिरवलं. तळं इतकं जवळ असून भिंती कोरड्या. इमारतींचे दोष शोधणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे दोष सापडला नाही की मला चुकल्यासारखं होतं.

सोजरबाईंकडे उतरले आहे. गेल्या महिन्यात आई-बाबाही त्यांच्याकडेच उतरले होते. तुमचं वडील लई बोलकं हायती, तुम्ही कुणावर गेला, असं त्यांनी मला विचारलं.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून यज्ञेश्वर नावाचे एक काका बसले होते. मूळचे शनिवार पेठेतले. तिथलं घर विकलंत का, असं विचारलं. म्हणाले, विकतो कशाला? मी दोन दिवस गाव बघायला आलो होतो. अकरा वर्षं बघतोच आहे. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, नवीन माणसाला आधी बाक मिळतो, पायरी नंतर. मी हसले. ते हसले नाहीत.

रविवार, ९ नोव्हेंबर

काम संपलं. निघताना सोजरबाईंनी माझ्या उजव्या हातावर दही ठेवलं. आमच्याकडे ही पद्धत नाही. आजीने धम्मदीक्षा घेतली तेव्हाच असलं सगळं घराबाहेर गेलं. पण मानत नाही, म्हणूनच खायला काही वाटलं नाही. घट्ट, गार, किंचित शेवाळाचा वास. आता परत याल, असं त्या म्हणाल्या. सगळेच म्हणतात.

एसटीने संध्याकाळी धायरीत.

सोमवार, १० नोव्हेंबर

धायरीत दुपारी जेवून कामाला बसले. त्यानंतर आठवतो तो आंबेतळ्याचा एसटी थांबा. पायात घरातल्या चपला.

मी कुठे कुठे होते याची नोंद फोनमध्ये राहते. धायरी, मग आंबेतळे. मधला रस्ताच नाही.

ताप नाही. उजव्या तळव्यावर रुपयाएवढा पांढरा डाग आहे. तिथली कातडी फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली. धुतला, जात नाही.

सोजरबाईंना आश्चर्य वाटलं नाही. खोली झाडून ठेवली होती. मी थांबले नाही. टॅक्सीने धायरी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

घराला आतून कुलूप लावलं. किल्ली खिडकीतून शेजारच्या दीपालीला दिली. दुपारी तळ्यासमोरच्या बाकावर होते. दीपालीला फोन केला. कुलूप तसंच आहे, किल्ली तिच्याच हातात आहे.

बाकांवरची सगळी माणसं उजवा तळवा वर करून बसतात. शनिवारी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. प्रत्येक तळव्यावर तो डाग.

यज्ञेश्वरकाकांची जागा रिकामी. पायरीवर फक्त चष्मा. वरच्या पायरीवरच्या बाई उठल्या, चष्मा बाजूला सारला आणि तिथे बसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, आता हे काय विचारायचं?

बाबांना फोन केला. निघताना दही खाल्लं होतं का? ते खूप हसले. चैताली, तू इंजिनिअर ना गं? आपण असलं मानतो का? टेम्पोवाल्याचा फोन येतोय म्हणून ठेवला. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज इथून हललेच नाही. खोलीत, कडी लावून. दुपारी — पायरी. वरून तिसरी.

सोजरबाईंना आई-बाबांबद्दल विचारलं. कुणी खाल्लं, कुणी न्हाई, ध्यानात कुठं ऱ्हातंय? आली की कळंलच. मग मला एकटीलाच का ओढलं? त्या म्हणाल्या, जी आपणहून यायला निघाल्यात, त्यांना कशाला ओढायचं?

बाबा कधीच घाईने निर्णय घेत नाहीत. हे घर त्यांनी एका आठवड्यात —

गुरुवार, १३ नोव्हेंबर

शेवटून दुसरी. पाय पाण्यात.

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा मिटत नाही.

पाणी गार नाही. बरं वाटतं. हे वाक्य माझं नाही.

प्रज्ञेश, पानांचे फोटो पाठवते आहे. कात्रजच्या घरी तू त्यांच्याजवळ असतोस. बाबांना विचारू नकोस, ते हसतील. दुपारी दोघं झोपली की उजवे तळवे बघ. डाग नसतील तर टेम्पो रद्द कर. मग मी बोलावलं तरी त्यांना आणू नकोस. मी गोड बोलेन. तरीही नको.

डाग असतील तर अडवू नकोस. अडवलं की ओढतात. मग दुसरं काहीतरी — मी विचार करते आहे — जमत नाही —

उद्या, शुक्रवारी, दुपारच्या आत उत्तर दे. खालच्या पायरीवरच्या बाई आत्ताच उठून