तारकागुच्छावरचा डाग

खापा, ३ मार्च २०२५

ती. जागेश्वरकाकांना प्रणालीचा शि. सा. नमस्कार.

फोन मुद्दाम केला नाही. तोंडातून भलतंच गेलं असतं. आकाशाच्या फोटोंच्या स्पर्धेत माझ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळाल्याचं मोबाइलवर पाहिलं आणि अंगाचा तिळपापड झाला. काका, त्यातला तेजोमेघ कुठे गेला? तुमचा तो स्टुडिओवाला चेतन सांगतो, इतवारीत स्पर्धेसाठी प्रिंट काढताना तुम्हीच तो पुसायला लावलात!

व्याधाच्या पूर्वेला तो तारकागुच्छ आहे. त्यात धुरकट अंगठी दिसते, तोच हा तेजोमेघ, मरत्या ताऱ्याने टाकलेलं कवच. ते गुच्छातलं नाहीच, त्याच्या बरंच अलीकडे आहे. एका रेषेत आल्यामुळे आत दिसतं एवढंच. ते टिपायला मी अकरा रात्री कन्हानच्या काठावर कुडकुडले. आणि परीक्षकांनाही काही खटकलं नाही, धन्य त्यांची!

खोट्या फोटोचं बक्षीस मला नको. रविवारी समारंभात तुम्ही खरं सांगा, नाहीतर मी सांगेन. काकूला नमस्कार. राग फोटोपुरता आहे. माया कमी करू नका.

तुमची
प्रणाली

इतवारी, ६ मार्च

चि. प्रणालीस अनेक आशीर्वाद.

मला खोटा ठरवतेस? चाळीस वर्षं मागावर बसलो. पदरावर तांदळाएवढा डाग निघाला तरी व्यापारी लुगडं तोंडावर फेकायचा. तुझा फोटो हाती आला आणि नजर आधी डागावरच गेली. स्टुडिओवाल्याला म्हटलं की पोरीची मेहनत आहे, एवढं साफ करून दे गा. यात माझं काय चुकलं? गल्लीभर पेढे वाटून झाले, आता चारचौघांत नाक घासू? जमणार नाही. तुझी काकू तुझ्याच बाजूने भांडते आहे. तब्येतीला जप.

तुझा
जागेश्वरकाका

इतवारी, ११ मार्च

चि. प्रणालीस अनेक आशीर्वाद.

जमणार नाही म्हणालो, तरी रविवारी समारंभाला गेलो होतो. तुझा मूळ फोटो चेतनकडून पुन्हा काढून घेतला आणि माइकवर सांगितलं की चूक माझी, पोरीची नाही. बक्षीस दुसऱ्याला गेलं. पण तुझा फोटो प्रदर्शनाच्या भिंतीवर लावल्याशिवाय मी जागचा हललो नाही.

मग दिवसभर त्याच्याजवळच उभा राहिलो. एक सुटाबुटातले गृहस्थ म्हणाले की फोटो झकास आहे, मधला डाग तेवढा काढायला हवा होता. मी असा उखडलो की चेतनने मला ओढत बाहेर नेलं. तिथं तारा मरून राहिला अन् तुम्हाले डाग दिसते काय, असं मी ओरडलो म्हणे.

आता तरी फोन कर.

तुझा
जागेश्वरकाका