वरच्या मजल्यावरच्या मुलासाठी

मी, वय चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. रागात आहे, पण शुद्धीत आहे.

१. हे दुमजली घर माझ्या कष्टाचे. ते मी सुनेच्या नावे करतो, मुलाच्या नाही. गेल्या महिन्यात त्याने तिचे मनगट मोडले. "जिन्यावरून पडले," असे ती सांगते. मी तळमजल्यावर राहतो. जिन्यावरून कोणीही पडलेले नव्हते.

२. पुस्तके दाबायचा शिकंजा, सुऱ्या व दाभण नातीला. तिचा हात बापापेक्षा हलका आहे.

३. पाळकसाहेबांना काही नाही. मुलगा चर्चच्या मंडळीचा पंच, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, "बाबा, प्रार्थना करू. घरातलं चव्हाट्यावर कशाला?" गायनसंघातल्या मुलीने पळून जाऊन लग्न केले, तेव्हा, पाळकसाहेब, तुम्ही आठ दिवसांत मंडळीच्या यादीतून तिचे नाव काढलेत. तेव्हा नाही सुचली प्रार्थना? आता ज्या हाताने बायकोचे मनगट पिरगाळले, त्याच हातातून आम्ही पंच फिरवतात तो प्रभुभोजनाचा प्याला घ्यायचा?

४. मीही सुटत नाही. ती पहिल्यांदा रडत खाली आली, तेव्हा मीच म्हणालो, "सांभाळून घे, पोरी. तापट आहे, मनाने वाईट नाही." याची मला लाज वाटते. परवा मी तिची माफी मागितली. तिने अजून माफ केलेले नाही. का करावे तिने?

५. मुलाला मी टाकलेले नाही. एकुलता एक आहे, त्याच्यावर माझा जीव आहे, म्हणूनच पित्त खवळले आहे. शुभवर्तमानात क्रम सांगितला आहे: भाऊ चुकला तर आधी एकट्याने जाऊन सांगावे, नाही ऐकले तर दोघांना सोबत न्यावे, तरीही नाही तर मंडळीपुढे मांडावे. गुरुवारी मी एकटा गेलो. "बाबा, तुमचं वय झालं," म्हणून त्याने दार लावले.

मृत्युपत्रालाही दोनच साक्षीदार लागतात. तेव्हा हा कागद माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. सह्या झाल्या की आम्ही तिघे वर जाऊन तो त्याच्यासमोर वाचू. त्याने बायकोपुढे गुन्हा कबूल करावा, पंचपद सोडावे, आणि ती म्हणेल तोवर दुसरीकडे राहावे. नाहीतर उद्या उपासनेत मी उभा राहून हेच वाचेन. घर दोन्ही प्रकारे सुनेचेच.

ठिकाण: तळमजला, बांधणीची खोली
तारीख: पाच, शनिवार, दुपारी चार. उद्या प्रभुभोजन आहे.

लिहून देणार: त्याचा बाप (सही)

साक्षीदार १: चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे काका (सही)

साक्षीदार २: सुनेच्या हाताला प्लास्टर घालताना हजर असलेल्या नर्सबाई (सही)
"जिन्यावरून पडून हाड असं पिळून मोडत नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. सही केली. चला."