पाळण्यातली टेप

ताश्कंद, जुनं शहर
१४ ऑक्टोबर १९८७, बुधवार

होसियत-आपा, सलाम.

तीन रात्री झोपले नाही. दियोरला दात येतायत, म्हणून. म्हणजे दात येतायतच, पण कारण ते नाही. खाली लिहिते.

तुमच्या डोळ्यांवर पट्टी, तेव्हा हे दवाखान्यातलं कुणीतरी वाचून दाखवेल. त्या बाईंनाही सलाम. शेजारची खोलिदा डबा आणतेय, मूगभाताचं कालवण आहे, गरम असताना खा. डाळिंबं उतरवली. खोलिदा कुंपणावरून म्हणाली, "तुझी मालकीणबाई पाळण्याची करकर टेपवर भरते, ती टेप कापून कापून जोडते आणि लोक त्याला गाणं म्हणतात, आं?" मी तुमचंच वाक्य फेकलं, "नव्वद वर्षं करकरतोय बिचारा, कुणी ऐकून घेतलंय का त्याचं?"

आपा, दवाखान्यात जाताना तुम्ही मला टेप दिलीत. शुक्रवारी तेवीस तारखेला हॉलमध्ये लोकांसमोर वाजायची ती. म्हणालात, "मुअत्तर, जिवासारखी सांभाळ."

माझा जीव पाळण्यात असतो. मी टेप तिथेच ठेवली, दियोरच्या उशीखाली.

आणि उशीखाली लोखंड होतं. आमच्यात बाळापाशी चाकू ठेवतात, वाईट काही जवळ येत नाही. तुम्ही चाकू काढायला लावलात, म्हणालात पोराला लागेल. मला भीती वाटायची. म्हणून फुटलेल्या लाउडस्पीकरच्या मागचं ते जड गोल लोखंड घेतलं. धार नाही, काही नाही. ते चुंबक आहे हे मला कुठे ठाऊक.

रविवारी माझा आवाज ऐकावा म्हणून टेप मशीनवर चढवली. सुरुवातीचं सगळं शाबूत आहे. शेवटची चार मिनिटं चुंबकानं पुसली. पाळणा, माझं गुणगुणणं आणि उस्ताद इस्लोम तांबटांचे ठोके. ठोका पडतो, मग नुसतं श्श. पुन्हा ठोका, पुन्हा श्श. तेव्हा कळलं तुम्ही टेप कापायला लोखंडी सोडून पितळेची कात्री का वापरता.

मूळ आवाज आता कुठेच नाहीत, नवी टेप मिळत नाही म्हणून तुम्ही त्या जुन्या टेपवरच दुसरं भरलंत. उस्ताद वसंतातच गेले. मला हाकलून द्याल का, हे मी विचारत नाही. पोराला घेऊन कुठे जाईन ठाऊक नाही, पण ते नंतर बघू.

रडून झालं. आता ऐका. पाळणा आहे. मी आहे. रद्दी टेपवर कात्री चालवून बघितली, तिरपं कापायचं, चिकटवायचं. पहिले अकरा जोड सुटले, बारावा धरला. सकाळी उस्तादांच्या बायकोकडे जाऊन हातोडा मागून आणला. ती म्हणाली, "हातोडा ने गं, पण तो हात कुठून आणशील?"

हात आहे. माझा भाऊ तोलकिन बस चालवायच्या आधी सात वर्षं उस्तादांजवळ बसला. दोन ठोके तांब्यावर, एक रिकामा ऐरणीवर, तसंच शिकलाय तो. पण मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हापासून तो बोलत नाही. "जा, त्या येड्या बाईची भांडी घास," म्हणाला होता. मी फोन केला की ठेवून देतो. तुमचा निरोप गेला तर ठेवणार नाही. उस्तादांच्या मयतीला तुम्ही दारात उभ्या होतात, ते त्यानं पाहिलंय.

रविवारपर्यंत मी सगळे आवाज नव्यानं भरून ठेवते. सोमवारी तुमची पट्टी निघेल. मग काय कापायचं, काय ठेवायचं, ते तुमचं. माझ्यासकट.

तुमची
मुअत्तर

वाचणाऱ्या बाई, आपा काय म्हणतात ते ऐका आणि त्या गप्प राहिल्या तरी बस डेपोत फोन करा, नंबर पाकिटावर आहे. तोलकिनला बोलवा म्हणावं. बहिणीनं सांगितलं असं म्हणू नका. म्हणा, उस्तादांचा हातोडा होसियत-आपांच्या घरी आहे, आणि मारायला कुणी नाही.